नास्तिकाचे घर, आस्तिकांचा शेजार

‘‘तुमचा देवावर विश्वास नाही? मग संकटात तुम्ही नाव तरी कुणाचे घेता?’’

आपण देव मानत नाही असे उघडपणे सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात शंभर वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा कुणी शत्रू नसतो. तो आतेभाऊ असतो, कार्यालयातला सहकारी असतो, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या काकू असतात. त्यांच्याच घरून गणपतीचे मोदक, ईदचा शिरखुर्मा आणि नाताळचा केक वर्षानुवर्षे आलेला असतो. उत्तर देणे अवघड जाते ते म्हणूनच.

बहुतेक जण मग सोपी वाट धरतात. मनात श्रद्धा नसली तरी सोवळे नेसून सत्यनारायणाला बसतात. ‘आईच्या समाधानासाठी’, ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’, ‘चारचौघांत वेगळे कशाला दिसायचे?’ अशी कारणे तयारच असतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांच्या धर्माची नोंदच झाली नाही. स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारे तर देशभरात ३३ हजारांच्या आसपासच निघाले. जनगणनेत बहुधा घरातली एकच व्यक्ती सगळ्यांची माहिती सांगते. तेव्हा मुलाच्या किंवा सुनेच्या मनात काय आहे ते कागदावर उतरतेच असे नाही.

देव आहे की नाही, हा वाद हजारो वर्षे चालू आहे आणि पुढेही चालेल. संसारी माणसापुढचा प्रश्न वेगळा असतो. आपले मत न लपवता, आणि ज्यांचे मत वेगळे आहे त्यांचे प्रेम न गमावता, जगता येते का? आंध्र प्रदेशातील एका कुटुंबाने या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान् पिढ्या जगून दाखवले आहे.

जानवे काढले, घर सुटले

गोपराजू रामचंद्र राव यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ चा, कर्मठ तेलुगू ब्राह्मण कुटुंबातला. पुढे सारा देश त्यांना ‘गोरा’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखू लागला. वनस्पतिशास्त्रात एम. ए. करून ते प्राध्यापक झाले. १९२२ मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा पत्नी सरस्वती अवघ्या दहा वर्षांच्या होत्या.

गोरांचे विचार बदलत गेले तसे त्यांचे वागणेही बदलले. त्यांनी जानवे काढून टाकले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. घरच्यांनी आणि जातीने त्यांना दूर केले. १९३३ मध्ये देवाच्या कल्पनेवर लेख लिहिल्याबद्दल काकिनाड्याच्या महाविद्यालयातली नोकरी गेली. पुढे मछलीपट्टणमची नोकरीही याच कारणाने सुटली.

दोन वेळा नोकरी गेलेल्या, पदरी मुले असलेल्या माणसाने नमते घेतले असते तर कुणी नावे ठेवली नसती. गोरा पती-पत्नींनी उलट ठरवले. १९४० मध्ये ते कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूरू या खेड्यात गेले आणि तेथे त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केले. १९४७ मध्ये हे केंद्र विजयवाड्याला आले. मुदुनूरूला त्यांनी देवळासमोर उभे राहून भाषणे झोडली नाहीत. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवले आणि सवर्ण व दलित यांना एका पंगतीला बसवायला सुरुवात केली.

सरस्वतीबाई पतीच्या मागे मुकाट्याने चालणाऱ्या नव्हत्या. गरोदर स्त्रीने ग्रहण पाहू नये, हा समज त्यांनी स्वतः ग्रहण पाहून मोडला. निखाऱ्यांवरून चालण्यात दैवी शक्ती नाही हे दाखवण्यासाठी त्या १९६० च्या दशकात स्वतः निखाऱ्यांवरून चालल्या. स्वातंत्र्यलढ्यात त्या लहान मुलाला बरोबर घेऊन तुरुंगात गेल्या. मुलांची नावेही देवांवरून ठेवली नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० मध्ये जन्मलेला मुलगा ‘लवणम’ झाला, तर दुसरे महायुद्ध पेटले त्या वर्षी जन्मलेला ‘समरम’.

सेवाग्रामचा पाहुणा

या नास्तिकाची सर्वात मोठी मैत्री जमली ती देशातल्या सर्वात मोठ्या रामभक्ताशी. गोरांनी गांधीजींना १९३० मध्येच पत्र लिहून देवाविषयी प्रश्न विचारले होते. प्रत्यक्ष भेट १९४४ च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला झाली. अस्पृश्यता गेली पाहिजे याबद्दल दोघांचे एकमत होते. गोरांचे म्हणणे असे की, माणूस आपल्या स्थितीचे खापर देवावर आणि नशिबावर फोडणे थांबवील, तेव्हाच ती स्थिती बदलायला स्वतः उठेल.

गांधीजींनी त्यांना परत पाठवले नाही, की राम म्हणायला लावले नाही. आपली आस्तिकताच बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे आपण म्हणू शकत नाही, दोघेही सत्याच्या शोधात आहोत, अशी त्यांची भूमिका होती. याची पूर्वतयारी फार जुनी होती. लंडनमध्ये शिकत असताना, १८९१ मध्ये, तरुण गांधी चार्ल्स ब्रॅडलॉ या इंग्लंडमधील प्रसिद्ध नास्तिकाच्या अंत्यविधीला आवर्जून गेले होते. ‘ईश्वर हे सत्य’ असे म्हणणारे गांधीजी पुढे ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणू लागले. त्याचे एक कारण त्यांनी हेच सांगितले की, देव नाकारणारा प्रामाणिक माणूसही सत्य नाकारू शकत नाही.

खरी कसोटी लग्नाच्या वेळी आली. गोरांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अर्जुनराव या तरुणाशी ठरवले. गांधीजींनी हे लग्न सेवाग्रामला लावण्याचे कबूल केले. पण आश्रमाच्या विवाहविधीत ईश्वराला साक्ष ठेवले जाई. नास्तिकाच्या मुलीने ते शब्द कसे उच्चारायचे? गांधीजींनी तोड काढली. ईश्वराच्या जागी सत्याला साक्ष ठेवायचे ठरले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. तरी दिलेला शब्द आश्रमाने पाळला आणि मार्चमध्ये हे लग्न सेवाग्रामलाच लागले.

एका शब्दाच्या बदलाने दोन्ही बाजूंची लाज राखली. कुणालाही खोटे बोलावे लागले नाही. गोरांनी पुढे ‘ॲन एथिस्ट विथ गांधी’ या पुस्तकात हा सारा सहवास लिहून ठेवला. ते १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

देवळांच्या गावातून लोकसभेत

गोरा नेहमीच सौम्य वागले असे मात्र नाही. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी विजयवाड्यात गोमांस आणि वराहमांस एकत्र खाण्याचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोघेही दुखावले. अशा प्रसंगांनी माणसे जवळ येतात की दूर जातात, यावर नास्तिकांमध्येही मतभेद आहेत. पण या एका कार्यक्रमापेक्षा त्या घराने वर्षानुवर्षे केलेले काम लोकांच्या जास्त लक्षात राहिले.

लवणम यांनी भूदानयात्रेत विनोबांची भाषणे तेलुगूत अनुवादित केली. विनोबांचे बोलणे गीतेने आणि संतवचनांनी भरलेले. देव न मानणाऱ्या तरुणाने ते इमानाने लोकांपर्यंत पोहोचवले आणि विनोबांनीही दुसरा दुभाषा मागितला नाही. १९६० मध्ये लवणम यांनी तेलुगूतील मोठे दलित कवी गुर्रम जाषुवा यांची कन्या हेमलता हिच्याशी लग्न केले. या हेमलताबाईंनी स्टुअर्टपुरम येथे, इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. देवाच्या नावाने सोडल्या जाणाऱ्या जोगिणींसाठीही त्या झटल्या. नोव्हेंबर १९७७ मध्ये दिविसीमा भागात चक्रीवादळाने हाहाकार माजवला, तेव्हा मदतीला धावलेल्यांत नास्तिक केंद्राचे कार्यकर्तेही होते.

विजयवाडा हे इंद्रकीलाद्री डोंगरावरच्या कनकदुर्गेचे गाव. लाखो भाविकांची तेथे रीघ लागते. त्याच विजयवाड्याने गोरांची मुलगी चेन्नुपाटी विद्या हिला १९८० मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून दिले. डॉक्टर झालेले समरम आरोग्यविषयक लेखनामुळे तेलुगू घराघरांत पोहोचले. गोरा १९७५ मध्ये वारले, सरस्वतीबाई २००६ मध्ये. वडिलांच्या काळात ज्या घरावर जातीने बहिष्कार टाकला, त्याच घराच्या मुलीला भाविकांनी दोनदा मते दिली. मधल्या काळात भाविकांनी देव सोडला नव्हता, की या कुटुंबाने देव धरला नव्हता. माणसे एकमेकांना ओळखू लागली होती.

शिष्टाचार आणि शरणागती

मिळूनमिसळून राहताना रेघ कोठे ओढायची? देवघरासमोर हात जोडले नाहीत तर उद्धटपणा होतो, आणि जोडले तर ढोंग. या पेचातून थोरामोठ्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या.

तमिळनाडूचे पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्याइतका कडवा नास्तिक देशात क्वचितच झाला. १९५३ मध्ये त्यांनी गणेशमूर्ती फोडण्याचे आंदोलन केले आणि अनेकांचा रोष ओढवून घेतला. पण कुंड्रकुडी येथील शैव मठाचे अधिपती अडिगळार यांच्याशी त्यांचा स्नेह होता. पेरियार मठात गेले असता त्यांना विभूती देण्यात आली आणि यजमानांचा मान राखून त्यांनी ती लावून घेतली, हा प्रसंग तमिळनाडूत आजही सांगितला जातो. सभेत ईशस्तवन सुरू झाले की वृद्ध पेरियार दुसऱ्याच्या आधाराने का होईना, उभे राहात, असेही सांगतात. परमभक्त राजाजी त्यांचे राजकारणातले विरोधक, तरी आयुष्यभराचे मित्र. १९७२ मध्ये राजाजी गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेले पेरियार स्मशानात धाय मोकलून रडले.

महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण आहे. त्यांच्या सुधारकी मतांवर चिडलेल्या पुणेकरांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी आगरकर आपल्या लेखणीपासून हटले नाहीत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू होत्या. आगरकरांनी त्यांच्या पूजाअर्चेत कधी आडकाठी केली नाही. बाहेर साऱ्या रूढींशी झुंजणाऱ्या या माणसाने पत्नीच्या मनावर सक्ती करणे हा सुधारणेचा मार्ग मानला नाही.

अलीकडच्या काळात डॉ. श्रीराम लागू ‘देवाला रिटायर करा’ असे जाहीरपणे म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या व्यासपीठावर ते देवाविषयी तटस्थ भूमिका घेत. लोकांच्या श्रद्धेचा नव्हे, श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचा त्यांना विरोध होता. हे दोघे मित्र गावोगावी एकाच व्यासपीठावर बसून हा मतभेद लोकांसमोर मांडत. तरीही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. उघडपणे वेगळे मत मांडण्याची किंमत आजही कधीकधी किती मोठी असते, याची ही आठवण आहे.

या साऱ्यांच्या वागण्यातून एक साधी कसोटी हाती लागते. आपण जे करतो ते समोरच्या माणसाच्या मानासाठी आहे, की आपण श्रद्धाळू आहोत असे भासवण्यासाठी? उभे राहणे, चपला काढणे, डोक्यावर रुमाल घेऊन गुरुद्वारात बसणे, प्रसादाचा शिरा आवडीने खाणे हा शिष्टाचार झाला. पूजेचा संकल्प आपल्या नावाने सोडणे, नवस बोलणे, न मानलेल्या देवाची शपथ वाहणे ही शरणागती झाली. रेघ प्रत्येकाची थोडी वेगळी असेल. पण ती आधीच ठरलेली आणि घरच्यांना माहीत असलेली बरी. ऐन पूजेच्या पाटावर ती ओढली तर मने दुखावतातच.

कायदा कोणाच्या बाजूने?

आपली राज्यघटना आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही जागा देते. पंचविसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले, त्यात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्यही आहे. मंत्री किंवा खासदार ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेऊ शकतो, तसेच ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञाही करू शकतो. न्यायालयातल्या साक्षीदारालाही १९६९ च्या शपथ कायद्याने ही मुभा आहे. ही सवलत सहज मिळालेली नाही. ज्या ब्रॅडलॉच्या अंत्यविधीला गांधीजी गेले, तो १८८० मध्ये निवडून येऊनही शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत ब्रिटिश संसदेत रीतसर बसू शकला नव्हता.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणत्याही अर्जात विशिष्ट धर्म लिहिण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. ‘मी कोणत्याच धर्माचा नाही’ असे सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यायची, तीन साक्षीदार न्यायचे आणि सह्या करायच्या. तमिळनाडूत पेरियारांनी सुरू केलेल्या, पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना अण्णादुराई सरकारने १९६७ मध्ये कायदेशीर मान्यता दिली. महाराष्ट्रात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच भटजीविना लग्ने लावली. फुले नास्तिक नव्हते, ते ‘निर्मिक’ मानत. म्हणूनच ज्या घरात एक बाजू श्रद्धाळू आहे आणि दुसरी नाही, तेथे असे साधे लग्न दोघांनाही पटू शकते.

घरातल्या अवघड जागा

कायदा बाहेर संरक्षण देतो. स्वयंपाकघरात आणि देवघरात मात्र आपले आपणच निभवायचे असते.

सासूबाई देवभोळ्या आणि सून नास्तिक असेल तर पहिल्याच वर्षी खटके उडतात. अशा वेळी कामाची वाटणी करून पाहावी. सणाच्या दिवशी पुरणपोळ्या लाटायला, घर सजवायला, पाहुण्यांचे करायला सुनेने पुढे व्हावे, आरती सासूबाईंनी करावी. सून कामाला मागे नाही हे दिसले की तिचे आरतीला उभे न राहणेही हळूहळू पचते. सणाच्या दिवशी वाद उकरून काढणे आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून देवाची चिकित्सा करणे ही बुद्धिवादाची नव्हे, असमंजसपणाची खूण आहे.

पती-पत्नींची मते भिन्न असतील तर मुलांची ओढाताण होते. त्यांना दोन्ही बाजू कळू द्याव्यात. आजी गोष्टी सांगते त्या सांगू द्याव्यात. बाबा का हात जोडत नाहीत, हेही बाबांनी शांतपणे सांगावे. ‘आजी खोटे बोलते’ किंवा ‘बाबांना पाप लागेल’ ही दोन वाक्ये मात्र घरात उच्चारली जाऊ नयेत. मोठी झाल्यावर मुले आपला निर्णय आपण घेतील. नास्तिकाच्या मुलाला पुढे देव मानावासा वाटला तर त्यालाही तेवढीच मोकळीक हवी.

सर्वात अवघड जागा मृत्यूची. आपल्यावर धार्मिक विधी करू नयेत असे पंडित नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात स्वच्छ लिहिले होते. तरी १९६४ मध्ये त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी धार्मिक विधी झालेच. पंतप्रधानांची ही कथा, मग सामान्याची काय? नुसते लिहून ठेवणे पुरत नाही. ज्यांच्या हाती त्या दिवशी सारे असणार, त्या पत्नीला, मुलांना, भावाला जिवंतपणीच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. देहदानाचा अर्ज भरला तरी मृत्यूनंतर वारसांनी संमती देऊन देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे पोहोचवावा लागतो. पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू जानेवारी २०१० मध्ये वारले. त्यांची देहदानाची इच्छा पुरी झाली, कारण त्यांच्या माणसांनी ती पाळली.

मागे राहिलेल्या आईला किंवा पत्नीला रडायला, दिवा लावायला काहीतरी निमित्त लागते, हेही जाणाऱ्याने ध्यानात घ्यावे. विधी नको म्हणणाऱ्याने मग काय करावे तेही सुचवून ठेवावे. आठवणींची सभा, एखाद्या मुलाची फी, रक्तदान, काहीही. नकाराबरोबर पर्याय दिला तर घरच्यांना तो पाळणे सोपे जाते.

जबाबदारी दोन्हीकडची

देव न मानणारा माणूस नीतिमान असू शकत नाही, ही समजूत श्रद्धाळूंनी सोडायला हवी. त्याच्या घरी अपघात झाला, मूल आजारी पडले, तर ‘बघा, देवाने शिक्षा केली’ असे म्हणण्याइतके क्रूर दुसरे काही नाही. त्याला पूजेला बोलवावे, पण पाटावर बसण्याचा आग्रह धरू नये. नास्तिकानेही प्रत्येक भाविकाला भोळा किंवा ढोंगी समजणे सोडावे. ज्या श्रद्धेच्या बळावर एखादी विधवा चार मुले वाढवते, तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

सेवाग्रामच्या त्या लग्नात एका शब्दाची अदलाबदल झाली आणि आस्तिक व नास्तिक एका मांडवात उभे राहिले. तसा एखादा शब्द प्रत्येक घरात सापडू शकतो. मात्र तो शोधण्याआधी आपण काय मानतो आणि काय मानत नाही, हे मोकळेपणाने बोलून दाखवावे लागते.